हरित संगणन

हरित संगणन : संगणक, सर्व्हर व त्यांची जोडसाधने यांची निर्मिती, वापर आणि विल्हेवाट पर्यावरणाला कमीत कमी हानी पोहोचेल अशा रीतीने करण्याची पद्धती.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1992 मध्ये ‘एनर्जी स्टार’ ही ऐच्छिक चिन्हांकन योजना सुरू केली. तिच्यातील पहिली उत्पादने संगणक व मॉनिटर ही होत. काम नसताना यंत्र आपोआप निद्रावस्थेत जाण्याची सोय त्यानंतर रूढ झाली. (हलती चित्रे दाखवणाऱ्या स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही.)

विदा केंद्रांत (पहा : विदा केंद्र) संगणनाखेरीज शीतनासाठीही बरीच वीज लागते. केंद्राच्या एकूण वीजवापराला संगणन साधनांच्या वीजवापराने भागून येणारे गुणोत्तर 1 च्या जितके जवळ, तितके केंद्र कार्यक्षम मानतात. वीज कोळशाची की वाऱ्याची, हे मात्र त्यातून कळत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत कर्ब उत्सर्जनाचा मोठा वाटा निर्मितीतच असल्याने दुरुस्ती करून यंत्राचे आयुष्य वाढवणे अधिक परिणामकारक ठरते.

युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून विद्युत उपकरणांतील शिसे, पारा, कॅडमियम, षट्‌संयुजी क्रोमियम व ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांचे दोन गट यांवर निर्बंध घातले. भारतात 2011 चे ई-कचरा नियम 1 मे 2012 पासून अंमलात येऊन जुन्या साधनांच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकावर आली. सध्याचे नियम 2022 चे आहेत (पहा : ई-कचरा). तरीही दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत तांब्यासाठी केबल जाळणे आणि धातू काढण्यासाठी मदरबोर्ड आम्लात बुडवणे आढळले आहे.