मालकाचा क्लब, गावचा संघ

मंडळी, चीनचा जिआंग्सू क्लब २०२० ला तिथल्या लीगचा विजेता ठरला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत बंद पडला. मालक सुनिंग कंपनीने हात आखडता घेतला, विषय संपला.

चीन राहू द्या, आपल्या पुण्याचं बघा. २००७ ला अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. २०१२-१३ ला आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा नंबर! २०१४ ला आयएसएल आली, पैसा आणि प्रसिद्धी तिकडे वळली. २०१५ चा हंगाम शेवटचा ठरला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ ला आय-लीगबाहेर. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१८ ला उपांत्य फेरीत, २०१९ ला बंद. त्याची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीचं स्टेडियम तेवढं उरलं.

पुणे एफसी काय, पुणे सिटी काय, हरून संपले नाहीत. मालकाचं गणित बसेना, म्हणून संपले. प्रेक्षकांना कुणी विचारलंही नाही.

भोर-वेल्ह्यातल्या कबड्डी मंडळांना म्हणून एवढंच सांगतो: प्रायोजक जरूर घ्या, जर्सीवर त्याचं नाव छापा. पण वर्गणी थांबवू नका. संघाचं नाव आणि मैदान गावाकडंच राहू द्या.