प्रत की पाठभेद?

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला प्रत आणि पाठभेदांची तळटीप यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. प्रत स्वयंपूर्ण असते. तळटीप छापील संहितेवाचून निरर्थक ठरते. संगणकीय साठवणुकीच्या इतिहासातील एका प्रकरणात मात्र हाच फरक वारंवार विसरला जातो.

पूर्वी डिस्कचे विभाग आरंभीच आखावे लागत. एक विभाग भरून गेला आणि शेजारचा रिकामा राहिला, तरी मधली भिंत सहजी हलवता येत नसे. ही अडचण ओळखून हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ मध्ये, एचपी-यूएक्स प्रणालीतील रचनेच्या धर्तीवर, लिनक्ससाठी 'लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर' लिहिला. यात अनेक डिस्कचा एकच गट होतो. त्या गटाचे समान तुकडे (सामान्यतः ४ मेगाबाइटचे) पाडून त्यांतून हवे तेवढे 'व्हॉल्यूम' घडवता येतात आणि पुढे वाढवताही येतात. जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलमध्ये ही सोय आली. डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलमध्ये तिची जागा 'डिव्हाइस मॅपर' या नव्या पायाने घेतली.

याच व्यवस्थेत 'स्नॅपशॉट' आहे. तो घेताना मूळ मजकुराची नक्कल होत नाही. पुढे मूळचा एखादा भाग बदलू लागला, की त्याचा जुना मजकूर आधी राखीव जागेत हलवला जातो. जे बदललेच नाही, ते मुळातूनच वाचले जाते. म्हणूनच १०० गिगाबाइटच्या व्हॉल्यूमचे क्षणचित्र ५ गिगाबाइटमध्येही मावू शकते. पहिल्या आवृत्तीत ते केवळ वाचता येई. दुसऱ्या आवृत्तीत त्यावर लिहिताही येऊ लागले.

या काटकसरीची किंमत मात्र मोजावी लागते. बदल वाढून राखीव जागा भरली, तर असे क्षणचित्र अंशतः नव्हे, संपूर्णच निकामी होते. मूळ डिस्क बिघडली, तर न बदललेला मजकूरही तिच्याबरोबर जातो. म्हणून जाणकार स्नॅपशॉट घेऊन थांबत नाहीत. त्या स्थिर चित्रावरून दुसऱ्या डिस्कवर प्रत उतरवून घेतात आणि मगच स्नॅपशॉट काढून टाकतात.

तात्पर्य, स्नॅपशॉट ही प्रत नव्हे, ती पाठभेदांची तळटीप आहे. हस्तलिखितांच्या अंकीय संग्रहांवर विसंबणाऱ्या आपण सर्वांनी हा भेद ध्यानी ठेवायला हवा. संहिताच हरवली, तर नुसत्या टिपांवरून ती पुन्हा उभी करता येत नाही.