पाईपाच्या दांडींतील छिद्र

इंग्लंड व आयर्लंड येथें शेत नांगरतांना पांढऱ्या भाजक्या मातीचे चिमुकले पाईप फाळाबरोबर वर येत. त्यांची वाटी इतकी लहान असे कीं, तींत करंगळीचें टोंकहि जेमतेम शिरावें. एवढ्याशा वाटीनें माणसाची तलफ भागत असेल हें कोणास खरें वाटेना; म्हणून गांवकऱ्यांनीं त्यांस ‘पऱ्यांचे पाईप’ असें नांव देऊन टाकलें. खरें कारण तंबाखूच्या भावांत होतें.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत येणारी तंबाखू मुख्यतः स्पेनच्या अमेरिकन वसाहतींतील असे, आणि ती फार महाग पडे. पहिल्या जेम्स राजानें १६०४ मध्यें तंबाखूच्या निषेधार्थ एक पुस्तिका लिहिली आणि जकातहि एकदम वाढविली. त्याच राजानें १६१९ मध्यें वेस्टमिन्स्टरच्या पाईप करणाऱ्यांच्या मंडळीला सनद दिली! राजेलोकांचा तिटकारा बहुधा खजिन्याच्या दाराशीं थांबतो. तिकडे व्हर्जिनियांतील जेम्सटाउन येथें जॉन रोल्फ ह्यानें १६१२ च्या सुमारास तंबाखूची लागवड केली. पुढील वीस वर्षांत माल भरपूर येऊं लागला, भाव कोसळला, आणि पाईपाची वाटी हळूहळू मोठी होत गेली. वाटीच्या आकारावरून पाईपांचे कालवार वर्ग पाडतां येतात ते ह्यामुळेंच.

परंतु अखंड वाटी हातीं लागणें दुर्मिळ. मिळतात ते दांडीचे तुकडे. आपल्याकडील चिलमीस निराळी दांडी नसते. विलायती पाईपाची वाटी व दांडी मात्र एकाच गोळ्याची. कारागीर मातीची लांबट वळी करी, दांडीच्या भागांतून तार सारी, दोन भागांच्या सांच्यांत ती दाबी व मग भट्टींत भाजी. ही दांडी कालांतरानें लांब होत गेली. लांब व सडपातळ दांडींतून जाड तार सरळ नेणें कठीण, ती बाजूनें फुटून बाहेर यावयाची. म्हणून कारागिरांनीं बारीक तार घेतली, असें कारण सांगण्यांत येतें. तारेबरोबर छिद्रहि बारीक झालें.

ही गोष्ट मोजून दाखविली ती जे. सी. हॅरिंग्टन ह्या अमेरिकन पुराणवस्तुसंशोधकानें. जेम्सटाउनच्या उत्खननांत असल्या तुकड्यांच्या राशी निघाल्या होत्या. त्यानें काळ ठाऊक असलेले ३३० पाईप घेतले आणि गिरमिटाचीं पातीं एकामागून एक छिद्रांत घालून पाहिलीं. माप होतें इंचाच्या चौसष्टाव्या भागाचें. १६२० ते १६५० च्या पाईपांत बहुधा आठ भागांचें छिद्र निघालें. १६८० पर्यंत सात, १७१० पर्यंत सहा, १७५० पर्यंत पांच, आणि शतकाच्या अखेरीपर्यंत चार. हें टिपण १९५४ मध्यें प्रसिद्ध झालें. ‘बहुधा’ हा शब्द त्यांत महत्त्वाचा. प्रत्येक कालखंडांत मागच्यापुढच्या मापाचे पाईप थोडेफार असतातच.

१९६२ मध्यें लुइस बिनफर्ड ह्यानें ह्या पायऱ्यांची सरळ रेषा केली. तुकड्यांच्या छिद्रांची सरासरी काढावी, तिला ३८.२६ नें गुणावें, व गुणाकार १९३१.८५ मधून वजा करावा. उरेल तें इसवी सन. सरासरी पांच आली तर १७४० च्या सुमाराचें वर्ष येतें. गणित सुबक आहे, पण तें कारणाला विसरतें. त्याच्याप्रमाणें १९३१ साल संपतां संपतां छिद्र पार बुजावयास हवें होतें, आणि मग ओढणाऱ्यानें धूर कोठून ओढावा! प्रत्यक्षांत १७८० च्या पुढेंच हिशेब बिघडूं लागतो. हॉलंडांतील कारागिरांची, विशेषतः गौडा येथल्यांची, रीत निराळी. त्यांचे पाईप राशींत मिसळले कीं उत्तर चुकतें. एकट्या तुकड्याचा तर कांहींच भरंवसा नाहीं. शेंकड्यांनीं तुकडे असावे लागतात. हॅरिंग्टनच्या ओबडधोबड पायऱ्या ह्या बाबतींत अधिक प्रामाणिक वाटतात.

तरीहि व्हर्जिनियाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कित्येक मजुरांचीं नांवें कोणत्याहि दप्तरांत नाहींत. त्यांच्या झोपडीच्या जागीं नाणें सांपडत नाहीं, कागद तर नाहींच. सांपडतात त्या तुटून फेंकलेल्या दांड्या. आणि त्यांचा काळ ठरवितांना अभ्यासक आजहि गिरमिटाच्या पात्यांचा जुडगा जवळ ठेवतात.