टाकी ते इंजिन : पेट्रोलच्या नळीचा इतिहास

कार्ब्युरेटर मागे पडून फ्युएल इंजेक्शन रूढ झाले, त्याचा इतिहास बहुधा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या अंगाने सांगितला जातो. परंतु या स्थित्यंतरात पेट्रोल वाहून नेणाऱ्या नळ्यांची रचना मुळापासून बदलली, याची नोंद तितक्याच आस्थेने घ्यायला हवी.

कार्ब्युरेटरच्या गाडीत टाकीपासून निघालेली एकच नळी सहसा पुरे. इंजिनावरचा पंप पेट्रोल ओढून घेई, ते कार्ब्युरेटरच्या छोट्या कप्प्यात साठे आणि कप्पा भरताच आतल्या फ्लोटने उचललेली सुई वाट बंद करी. नळीतील दाब अर्ध्या बारच्या आतच, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याहून कमी असल्याने साधी रबरी नळी आणि साधी क्लिप यांवर भागत असे.

कॅलिफोर्नियातील धुराचे नियम कडक होऊ लागले, तेव्हा १९६७ साली बॉश कंपनीची ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली फोक्सवॅगन १६०० या गाडीत आली. इंजेक्टर ही विजेवर उघडणारी झडप असून ती किती क्षण उघडी राहते यावर पेट्रोलचे प्रमाण ठरते, आणि हा हिशेब दाब स्थिर असला तरच जुळतो. त्यासाठी विजेचा पंप अखंड चालू ठेवून, नियामकाने दाब सुमारे दोन बारवर राखून, उरलेले पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परत धाडण्याची सोय करावी लागली. या गाडीची टाकी पुढे आणि इंजिन मागे असल्याने जाणारी व परतणारी अशा दोन्ही वाटा गाडीच्या लांबीभर गेल्या. शिवाय या सततच्या प्रवाहाबरोबर उष्णता आणि वाफेचे बुडबुडेही इंजिनापासून दूर वाहून जात.

जुन्या गाडीला इंजेक्शन बसवणाऱ्या कारागिरांना हाच धडा गिरवावा लागला. पंपाला पेट्रोल ओढण्यापेक्षा ढकलणे सोपे जात असल्याने तो टाकीजवळ आणि खालच्या पातळीवर आला. वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंपात हवा शिरू नये म्हणून मध्ये लहान साठवण-टाकी आली. दाबाने रबरी नळी निसटू नये म्हणून धातूच्या नळीच्या टोकाला उठावदार कडा आली, आणि रबर न कापणाऱ्या गुळगुळीत कडेच्या क्लिपा आल्या. पुढे इंजिनाजवळ तापून परतणाऱ्या पेट्रोलमुळे टाकीत वाफ वाढते हे ध्यानात आल्यावर अनेक उत्पादकांनी नियामक टाकीतच बसवून परतीची लांब नळी वगळली.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषण-मानके लागू झाल्यावर पेट्रोलच्या दुचाकींतही इंजेक्शन सर्रास आले. त्यामुळे दाबाची नळी आता साध्या गॅरेजच्या रोजच्या कामाचा भाग झाली आहे, आणि तिथे इंजेक्शनसाठी बनवलेल्या नळीऐवजी कार्ब्युरेटरची जुनी नळी वापरणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय.