मुंबई बंदरांतील लोकांचा प्रवेश : एक टिपण

भांडुप गांव खाडीलगत असलें, तरी मुंबई बंदराच्या इतिहासांत त्याचें नांव येतें तें लोहमार्गामुळें. मुंबई सरकारचे मुख्य इंजिनियर जॉर्ज क्लार्क १८४३ सालीं भांडुपास आले असतां मुंबई ही ठाणें, कल्याण व घाटमाथा यांस लोहमार्गानें जोडावी, ही कल्पना त्यांस प्रथम सुचली, असें रेल्वेच्या इतिहासांत नमूद आहे. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं पहिली गाडी भांडुपावरून ठाण्यास गेली, ती बोरीबंदरावरून सुटली होती. पुढें भरणीमुळें समुद्र तेथून दूर गेला; बंदर हा शब्द मात्र राहिला. स्थलनामें हीं आमच्या मतें शिलालेखांइतकींच बोलकीं साधनें होत. पालवा बंदर, बोरीबंदर, भाऊचा धक्का हीं नांवें लोकांच्या तोंडीं बसलीं, कारण तेथें लोकांचा पाय लागत असे.

१८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट स्थापन झाल्यावर किनाऱ्याचें रूप पालटलें. प्रिन्स डॉक १८८० सालीं, व्हिक्टोरिया डॉक १८८८ सालीं व अलेक्झांड्रा डॉक १९१४ सालीं खुला झाला. जकात आणि मालाची राखण या दोन कारणांनीं गोदीस भिंती व दरवाजे आले. बॅलार्ड पियरवर तर आगबोटींतून उतरलेला उतारू, शहराचें दर्शनही न घेतां, धक्क्यालगतच्या स्टेशनांतून थेट उत्तरेकडील गाडींत बसूं शके. याच्या उलट, राजाच्या आगमनाच्या स्मरणार्थ बांधलेलें व १९२४ सालीं खुलें झालेलें गेटवे लोकांनीं आपलेंसें केलें. भाऊच्या धक्क्यावर आजही कोळी, चाकरमानी व नातलग एकाच गर्दींत दिसतात.

बंदरांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २००४ पासून लागू झाले. २०२५ सालीं बॅलार्ड पियरवर सहलीच्या आगबोटींसाठीं भव्य उतारूगृह सुरू झालें. तेथील बंदोबस्त अकारण आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्याच्या हातीं तिकीट, त्यालाच जहाजाजवळ जातां येतें. निरोप देणारा दाराबाहेरच राहतो. धक्का हें सार्वजनिक स्थान न राहतां केवळ वाट झाला, हा फरक इतिहासकारानें टिपून ठेवण्याजोगा आहे.

येथें साधनांचा प्रश्न उपस्थित होतो. सरकारी दप्तरांत जहाजाचें नांव, वजन व जकात सांपडते. जुन्या वृत्तपत्रांत मोठ्या उतारूंचीं नांवेंही मिळतात. पोंचवावयास कोण आले, कोठवर जाऊं दिले, कोणत्या कठड्यापाशीं उभे राहिले, हें त्यांत नाहीं. विनायकराव सावरकर ता. ९ जून १९०६ रोजीं ‘पर्शिया’ बोटीनें विलायतेस निघाले. त्यांच्यासारख्यांनीं आत्मवृत्त लिहिलें म्हणून त्या प्रवासाची हकीकत आपणांस वाचावयास मिळते. परंतु आफ्रिकेस गेलेला कारकून किंवा बोटीवरील खलाशी यांनीं आत्मवृत्तें क्वचितच लिहिलीं. त्यांचा इतिहास घरच्या पत्रांतच आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. शतकाहून जुन्या पोथीबरोबरच बोटीचें तिकीट, गोदींत शिरण्याचा पास, हार घातलेल्या प्रवाशाभोंवतीं काढलेलें छायाचित्र व विलायतेहून आलेलें पहिलें पत्र हीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. छायाचित्रामागें स्थळ, तिथि व माणसांचीं नांवें घरांतील वडीलधाऱ्यांकडून आजच लिहवून घ्यावींत. सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत.