भायखळा की परळ
सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाला जोडून १८४५ साली भायखळ्यात सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापनाची वरिष्ठ पदे दीर्घकाळ इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे लष्करी मुळाच्या सरकारी वैद्यकीय सेवेतील, बहुधा युरोपीय अधिकाऱ्यांकडे राहिली, आणि पात्र भारतीय डॉक्टरांना तेथे दुय्यम स्थानावर समाधान मानावे लागे. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली, त्यातून १९२६ मध्ये परळला महानगरपालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाता झाले. मात्र या स्वाभिमानी संस्थेच्या रुग्णालयाला नाव मिळाले ते ब्रिटिश राजे एडवर्ड यांचे. त्यानंतर मुंबईतील विद्यार्थ्याच्या निवडीत ग्रँटच्या जुन्या प्रतिष्ठेसमोर भारतीय अध्यापकांकडे शिकण्याचा हा नवा विचारही उभा राहिला.