रोलर कोस्टरची प्रवासीक्षमता

रोलर कोस्टरवरून तासाभरात जाऊ शकणाऱ्या प्रवाशांची कमाल संख्या. गाडीतील आसने गुणिले तासातील फेऱ्या, अशी ती काढतात. रुळांचे टप्पे पाडलेले असतात व एका टप्प्यात एकच गाडी सोडली जाते. त्यामुळे फेऱ्यांना मर्यादा पडते. उदा., 28 आसनांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटल्यास ताशी क्षमता 840 होते आणि रांगेतल्या 420व्या माणसाला अर्धा तास थांबावे लागते. सामान ठेवणे, खांद्यावरचे अडसर तपासणे यांत वेळ गेल्यास किंवा आसने रिकामी राहिल्यास प्रत्यक्ष संख्या घटते. मोठ्या रोलर कोस्टरचे एक उदाहरण म्हणजे खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील (2013) ‘नायट्रो’. बोलिगर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीने बनवलेल्या या कोस्टरची उंची सुमारे 40 मी., तर वेग ताशी सुमारे 105 किमी. आहे.